औषधाचा सातबारा कसा काढायचा

पहिल्या केमोच्या रात्री दोनच्या सुमाराला हिने मला हलवून उठवलं. मोरीतून आली होती, चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "लघवीतून रक्त जातंय." मी बॅटरी घेऊन बघितलं, तर खरंच लाल. पुतण्याला उठवलं, त्याची जीप काढली. जुलै २०२३, पाटण खोऱ्यातला पाऊस, वळणाचा रस्ता. दवाखान्यात पोचेपर्यंत मी मनात काय काय करून बसलो होतो ते लिहीत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने फाईल उघडली, एक ओळ वाचली आणि म्हणाली, "काका, आज लाल सलाईन होतं ना? त्याचा रंग आहे तो. एक-दोन दिवसांत जाईल."

ते औषध डॉक्सोरुबिसिन. त्याने लघवी लाल होते हे त्याच्या प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. परत येताना ही जीपमध्ये झोपली. मी मात्र स्वतःवरच चिडलो होतो. एकतीस वर्षं तलाठी म्हणून काढली. कागद न वाचता सही करणाऱ्या माणसांना मी जन्मभर हसलो आणि बायकोच्या शिरेत काय सोडलं, त्याचा कागद मात्र मी स्वतः बघितला नव्हता.

त्यानंतरच्या सव्वा वर्षात मी औषधांची माहिती शोधायला शिकलो. मी डॉक्टर नाही, माझं इंग्रजी मॅट्रिकचं आणि फोन पुतण्याने दिलेला जुना. तरीही जमलं. आता गावातून, भावकीतून कोणाचा ना कोणाचा फोन येतो, "आण्णा, हे औषध दिलंय, बघून सांगा." प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गट नंबर आधी

गावात एकाच जमिनीला तीन नावं असतात. कोणी आंब्याचा मळा म्हणतो, कोणी वरचं टेपाड, आणि भावकी म्हणते वादातलं. तलाठ्याकडे आलात की तो पहिला विचारणार, गट नंबर काय? औषधाचा गट नंबर म्हणजे त्याचं जेनेरिक नाव. खोक्यावरचं मोठं रंगीत नाव कंपनीचं असतं. हिला जे औषध वर्षभर चाललं, त्याचं मूळ कंपनीचं नाव हर्सेप्टिन. बायोकॉनचं कॅनमॅब, आणखी एका कंपनीचं हर्ट्राझ. नावं वेगळी, औषध एकच, ट्रास्टुझुमॅब. अशी औषधं जिवंत पेशींमधून तयार करतात, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या औषधाला हुबेहूब नक्कल न म्हणता बायोसिमिलर म्हणतात. पण माहिती शोधताना सगळ्यांचा गट एकच.

तेव्हा पहिलं काम, खोक्याचा आणि बाटलीचा फोटो काढायचा. डे-केअरमध्ये खोकी लगेच कचऱ्यात जातात, म्हणून सिस्टरला आधीच सांगून ठेवा. त्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो, तोही मागून घ्या. मग जेनेरिक नाव वहीत एकेक अक्षर करून उतरवा. टी, आर, ए, एस, टी, यू, झेड, यू, एम, ए, बी. कानाने ऐकून फोनवर टाईप करू नका. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन ही ऐकायला सख्खी भावंडं, पण मात्रा आणि त्रास निरनिराळे.

आणि नाव शेवटपर्यंत वाचा. इथे मी स्वतः फसलोय. पॅक्लिटॅक्सेलबरोबर हिचं ट्रास्टुझुमॅब सुरू होणार होतं, त्याच्या आदल्या रात्री शोधताना मला एक पान सापडलं. यकृत खराब होतं, प्लेटलेट खाली जातात, आणि वरती चौकटीत ठळक इशारा. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी चष्मा पुसून परत बघितलं तर ते पान ट्रास्टुझुमॅब एमटान्सिनचं होतं. ट्रास्टुझुमॅबला केमोचं विष जोडून केलेलं ते वेगळं औषध. तसंच ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे तिसरं. एकाच्या जागी दुसरं देऊ नये, असा इशाराच एमटान्सिनच्या त्या चौकटीत आहे. म्हणजे गट नंबर बरोबर होता, मी पोटहिस्सा वाचला नव्हता. डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल, इथेही तेच. मागेपुढे लागलेला शब्द शोभेचा नसतो.

केमोच्या चार्टवर तर नावंही नसतात, नुसती अक्षरं असतात. हिच्या चार्टवर होतं एसी, मग टी-एच. ए म्हणजे ॲड्रियामायसिन, हे डॉक्सोरुबिसिनचंच जुनं व्यापारी नाव. सी म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड. टी म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, एच म्हणजे हर्सेप्टिन. पण शेजारच्या खाटेवरच्या ताईंच्या चार्टवर टीसीएच होतं. तिथे टी म्हणजे डोसेटॅक्सेल आणि सी म्हणजे कार्बोप्लॅटिन. अक्षरं तीच, औषधं निराळी. म्हणून अक्षरांवरून अंदाज बांधू नका, सिस्टरकडून प्रत्येक औषधाचं पूर्ण नाव लिहून घ्या. मी तर वहीच पुढे करायचो.

नावाच्या शेपटीवरूनही थोडं कळतं. ही जेनेरिक नावं जागतिक आरोग्य संघटना ठरवते आणि शेपटी एका कुळाला एक असते. शेवटी मॅब असेल तर ती प्रतिपिंडं, बहुधा सलाईनमधून. निब असेल तर पेशीतला एखादा संदेश अडवणारी, बहुतेक गोळ्या. प्लॅटिन म्हणजे प्लॅटिनम धातूची. रुबिसिन म्हणजे लाल कुळ, हृदयावर लक्ष ठेवावं लागणारं. शेपटीवरून औषध कळत नाही, पण कुळ कळलं की कोणता प्रश्न विचारायचा ते कळतं.

जोडीतलं प्रत्येक औषध वेगळं काढा

त्या रात्रीच्या लाल लघवीची गोष्ट अजून संपलेली नाही. मी नंतर एसीमधलं दुसरं औषध, सायक्लोफॉस्फमाइड, वेगळं वाचलं. त्याने मूत्राशयाला आतून इजा होऊन खरंच रक्त जाऊ शकतं. म्हणूनच त्या दिवशी भरपूर पाणी प्यायला सांगतात. म्हणजे लाल रंग एका औषधाचा, पण रक्त दुसऱ्या औषधाचं असू शकतं, आणि दोन्ही एकाच दिवशी दिलेली. सिस्टर बरोबर होती, आणि मी जीप काढली तेही चुकलं नव्हतं. त्यानंतर वहीत लिहून ठेवलं: पहिले एक-दोन दिवस नुसता लाल रंग, त्रास काही नाही, तर पाणी प्यायचं. जळजळ, गुठळी किंवा तिसऱ्या दिवसानंतर लाली, तर लगेच फोन. हे डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून होकार घेतला.

मुख्य औषधाआधी जी पाच-सहा छोटी इंजेक्शनं देतात, तीही काढा. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात देतात. त्या द्रावकाची काहींना मोठी ॲलर्जी येते, म्हणून आधी डेक्सामेथासोन देतात. डेक्सामेथासोनने साखर वाढते. हिला मधुमेह. पहिल्या पॅक्लिटॅक्सेलनंतर साखर तीनशेच्या वर गेली, तेव्हा घरातले सगळे म्हणायला लागले, केमो सोसत नाही. केमोचा त्यात दोष नव्हता, त्या छोट्या इंजेक्शनाचा होता. डॉक्टरांनी इन्सुलिनचं वेळापत्रक बदललं, पुढचे अकरा आठवडे सुरळीत गेले.

कुठे बघायचं

शोधपेटीत नाव टाकलं की पहिल्या चार ओळी जाहिरातींच्या येतात. त्या सोडून द्या. मी मोजक्या ठिकाणी जातो.

पहिलं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं, कॅन्सर डॉट गव्ह. तिथे औषधांची अकारविल्हे यादी आहे. कर्करोगाच्या प्रकारानेही शोधता येतं, आणि एसीसारख्या जोड्यांचीही पानं आहेत. औषध कशासाठी मंजूर आहे, हे तिथे चार ओळींत कळतं. दुसरं, इंग्लंडच्या कॅन्सर रिसर्च यूके आणि मॅकमिलन या संस्थांची. त्यांची भाषा साधी. सलाईनला किती वेळ लागतो, घरी काय सांभाळायचं, कधी फोन करायचा, हे पेशंटला सांगावं तसं लिहिलेलं. माझ्या इंग्रजीला तेच झेपतं. फोन नंबर मात्र तिकडचे असतात, त्यांच्या जागी आपल्या दवाखान्याचा नंबर लिहायचा.

तिसरं, मूळ कागद. डेलीमेड या अमेरिकी सरकारी साठ्यात प्रत्येक औषधाचं मंजूर माहितीपत्रक जसंच्या तसं असतं. युरोपच्या औषध संस्थेकडेही तशीच पत्रकं असतात, आणि त्यांत शेवटी पेशंटसाठी सोप्या भाषेतला भाग असतो. सातबारा म्हणतो तो हाच. बाकी सगळ्या बातम्या, व्हिडिओ, मुलाखती म्हणजे चावडीवरच्या गप्पा. त्या खोट्याच असतात असं नाही, पण त्यांवर फेरफार होत नाही.

आपल्याकडे कोणत्या रोगाला कोणता उपचार आधी द्यावा, याच्या मार्गदर्शिका नॅशनल कॅन्सर ग्रिडने केल्या आहेत. टाटा मेमोरियल ज्याच्या मुळाशी आहे, ते देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं. त्या डॉक्टरांसाठी आहेत, वाचायला जड. पण परदेशी पानावर एखादं औषध पहिल्या क्रमांकावर दिसलं आणि आपल्या डॉक्टरांनी दुसरं दिलं, तर घाबरण्याआधी इथे बघावं. खर्च आणि उपलब्धता धरून आपल्याकडे क्रम वेगळा असू शकतो.

मराठीत वाचायचं तर फोनचा भाषांतरकार वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. त्याने माझ्यासाठी केमोच्या सायकलला दुचाकी केलं होतं. हे हसण्यावारी गेलं. पण एका वाक्यातला नकारच त्याने गाळला होता, त्यावर हसू आलं नाही. मात्रा, आकडे आणि "करू नका" अशी वाक्यं मूळ इंग्रजीशी ताडून बघा. पुतण्याची मुलगी प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्या त्या नव्या ॲपला विचारते. उत्तर झोकात येतं, पण एमटान्सिनची माहिती त्याने साध्या ट्रास्टुझुमॅबच्या नावाखाली दिली होती. माझीच जुनी चूक, फक्त माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने. शब्दाचा अर्थ विचारायला ते चांगलं आहे, मात्रा विचारायला नाही.

पत्रक कसं वाचायचं

पत्रक वरून खालपर्यंत वाचत गेलात तर दुसऱ्या पानावर धीर सुटेल. सातबारा वाचताना जुना माणूस आधी इतर हक्काचा रकाना बघतो, बोजा आहे का, कूळ आहे का. तसं आधी ठळक चौकट बघा, अमेरिकी पत्रकात ती सगळ्यात वर असते. ट्रास्टुझुमॅबच्या चौकटीत हृदयाचं आहे. त्याने हृदयाची ताकद कमी होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी इको आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी इको. डॉक्सोरुबिसिनचाही भार हृदयावरच. हिला पडलेला प्रश्न होता, "महागाचं औषध आधी का नाही देत?" उत्तर इथे मिळालं. दोन्ही एकदम दिली तर हृदयाचा धोका वाढतो, म्हणून लाल औषध संपल्यावर हे. मी वहीत इकोच्या अहवालातला इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्याचा, आकडा तारखेसह लिहीत गेलो. डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची बेरीजही ठेवावी लागते, कारण एका मर्यादेपलीकडे ते देत नाहीत. ती बेरीज दवाखान्याच्या फाईलीत असते खरी, पण दवाखाना बदलला तर?

मग दुष्परिणामांचा तक्ता. तो वाचून माणूस खचतो, कारण त्यात शंभर गोष्टी असतात. पण युरोपच्या पत्रकात शब्दांना माप आहे. "अगदी सामान्य" म्हणजे दहात एकाला किंवा त्याहून जास्त. "सामान्य" म्हणजे शंभरात एक ते दहात एक. "असामान्य" म्हणजे हजारात एक ते शंभरात एक. "दुर्मीळ" म्हणजे दहा हजारात एक ते हजारात एक. हे कळल्यावर मी तक्त्याचा पहिला रकाना पूर्ण वाचायला लागलो. खालच्या रकान्यातल्या फक्त जिवावर बेतणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढल्या. हिच्यासाठी पहिल्या रकान्यातलं खरं ठरलं ते बोटं बधिर होणं. पॅक्लिटॅक्सेलच्या सातव्या आठवड्यात तिला सुईत दोरा ओवता येईना. आम्हाला ते आधीच माहीत होतं, म्हणून त्याच आठवड्यात सांगितलं. नाहीतर ती "म्हातारपण" म्हणून गप्प बसली असती.

एक आकडा मात्र वहीच्या पहिल्या पानावर आणि भिंतीवरही लिहा: १००.४. केमो चालू असताना ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिन देऊन बघू, असंही नाही. पांढऱ्या पेशी खाली असतात, जंतू काही तासांत पसरतात. या एका गोष्टीसाठी जीप रात्री दोनलाही काढायची. थर्मामीटर मात्र चांगला घ्या. आमचा पहिला स्वस्तातला, प्रत्येक वेळी नवाच आकडा दाखवायचा.

मात्रेचा भाग तुमचा नाही, तो सोडून द्या, असं सगळे सांगतात. मी अर्धंच ऐकलं. मात्रा ठरवणं आपलं काम नाही, पण साधा हिशेब आपल्या खिशाचा असतो. ट्रास्टुझुमॅब तीन आठवड्यांनी देतात तेव्हा पहिली मात्रा किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढच्या ६. हिचं वजन ५८. म्हणजे पहिल्यांदा ४६४, पुढे ३४८. बाटली ४४० ची. म्हणजे पुढच्या प्रत्येक वेळी ९२ मिलिग्रॅम उरणार, ते जातं कुठे? पत्रकात होतं की या बाटलीबरोबर येणाऱ्या जंतुरोधक पाण्यात औषध मिसळलं आणि २ ते ८ अंशांत ठेवलं, तर २८ दिवस चालतं. साध्या निर्जंतुक पाण्यात मिसळलं तर उरलेलं टाकून द्यावं लागतं. पुढची पाळी २१ दिवसांनी. मी फार्मसिस्टना हात जोडून विचारलं. त्यांनी आमच्या ब्रँडचा कागद काढून वाचला, हो म्हणाले, आणि उरलेलं आमच्या नावाची चिठ्ठी लावून त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवलं. प्रत्येक ब्रँडचं आणि प्रत्येक दवाखान्याचं असं जमेलच असं नाही. घरच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी मात्र ठेवू नका. आमच्याकडे दिवसाला चार तास वीज जाते.

किंमत आणि खरेपणा

एमआरपी हा आकडा बघून चक्कर येते. तो बहुतेक वेळा खरा भाव नसतो. ट्रास्टुझुमॅब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे त्याला सरकारने ठरवलेली कमाल किंमत आहे. औषध किंमत प्राधिकरणाच्या फार्मा सही दाम या ॲपवर ती बघता येते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आणखी ४२ कर्करोग औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला गेला. तेव्हा दोन-तीन ठिकाणी भाव विचारायला लाजू नका. सरकारी रुग्णालयांच्या आवारातलं अमृत दुकान, जनऔषधी केंद्र, दवाखान्याचं स्वतःचं दुकान, सगळीकडे जेनेरिक नावाने विचारा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, औषधाच्या नावानिशी विचारा. नुसतं "केमो बसतं का" असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम येतं.

पण स्वस्त म्हणून ओळखीच्या माणसाकडून पिशवीतून आलेलं घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या कॅन्सर औषधांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत बुरशीवरचं औषध भरून विकत होती. हिचा नववा डोस त्याच महिन्यात होता. तेव्हापासून माझी पद्धत ठरली: पक्कं बिल, बिलावर बॅच नंबर, बाटलीवरच्या नंबराशी ताडून बघायचं, सील आपल्यासमोर उघडायचं, आणि रिकामी बाटली निकामी करून टाकता का, ते सिस्टरला विचारायचं. एका सिस्टरने मला "संशयी काका" म्हटलं. म्हणू दे.

काय बरोबर खातो

कपाटातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं, कॅल्शियमची डबी, एका कागदावर लिहा. औषधाच्या पत्रकात "इतर औषधांशी क्रिया" असा भाग असतो, तो या यादीशी ताडून बघा. आमच्या शेजारचे बापू रक्ताच्या कर्करोगासाठी रोज इमॅटिनिब घेतात. ग्लिव्हेक म्हणून ज्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला आणि १ एप्रिल २०१३ ला कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला गेला, तेच औषध. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, हे त्यांना ठाऊक होतं. पण पत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नका असंही लिहिलंय, कारण त्याने यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा मंदावते आणि रक्तात औषध वाढतं. बापू म्हणाले, "आपण कुठे ते विलायती खातो?" मी म्हटलं, पपनस त्याच्याच घरातलं, आणि त्यातही तेच द्रव्य. गणपतीत त्यांच्या कोकणातल्या मेहुण्याकडून पपनसाची पाटी येते. गेली दोन वर्षं ती आमच्याकडे येते.

अशा आणखी जोड्या आहेत. कॅपेसिटाबिन घेणाऱ्याला रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल, किंवा टॅमॉक्सिफेन घेणारीला नैराश्यावरची पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय राहू नका. आणि स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंदही करू नका.

सदाफुलीचं वेगळं सांगायला हवं. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं आपल्या दारातल्या सदाफुलीतूनच निघाली. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्याच्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान करतात. त्यासाठी रात्रीत तोडलेली नरक्याची झाडं मी नोकरीत बघितली आहेत. डॉक्सोरुबिसिनचं कूळ तर इटलीतल्या मातीत सापडलेल्या जंतूचं, एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन नाव पडलं. सगळं मातीतलंच आहे. पण म्हणून सदाफुलीची पानं चावणं म्हणजे केमो नव्हे. पानात किती विष आहे याचं माप नाही, आणि व्हिनक्रिस्टिन इतकं जहाल की शिरेऐवजी मणक्यात गेलं तर माणूस जातो. लक्ष्मणफळ केमोच्या दहा हजार पट भारी, हा निरोप तुम्हालाही आला असेल. तो आकडा काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगातून उचललेला आहे, माणसांवरचा नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा जाहिरात दिसली की तिथेच तिचं खरेपण संपलं.

नव्या औषधाची बातमी

"नव्या औषधाने आयुष्य दुप्पट" अशी बातमी आली की मी तीन गोष्टी शोधतो. माणसांवर की उंदरांवर? कितव्या टप्प्याची चाचणी? आणि दुप्पट म्हणजे कशाचं? रोग न वाढता गेलेला काळ आणि एकूण आयुष्य या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. दोन महिन्यांचे चार महिने झाले तरी ते दुप्पटच. मध्यक आकडा दिसला तर अकरा माणसं रांगेत उभी करून मधल्या सहाव्याकडे बघा. पाच त्याच्या मागे, पाच पुढे, आणि शेवटचा किती पुढे आहे ते तो आकडा सांगत नाही. आपल्याकडे चालू असलेल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दिसतात.

आकडे शोधण्याआधी पेशंटला विचारा, तुला किती ऐकायचंय? हे मी उशिरा शिकलो. एके संध्याकाळी मी मोठ्याने टक्केवारी वाचत होतो, तर ही भाकरी थापता थापता म्हणाली, "मला त्रास काय होईल तेवढं सांग. बाकीचं तुझ्या दप्तरात बांधून ठेव." तेव्हापासून ती पानं वेगळ्या रुमालात आहेत.

डॉक्टरांपुढे

ओपीडीत तीन-चार मिनिटं मिळतात. "गुगलवर वाचलं" असं म्हणून सुरुवात केली की त्यातलं एक मिनिट गेलं. मी अर्ध्या कागदावर तीनच प्रश्न नेतो, मोठ्या अक्षरात, औषधाच्या पूर्ण नावानिशी. "पॅक्लिटॅक्सेलच्या सातव्या आठवड्यापासून बोटं बधिर, बटण लावता येत नाही. मात्रेत काही बदल करायचा का?" यात वाद घालायला काही नाही, उत्तरच द्यावं लागतं. चौथा प्रश्न सिस्टरला, पाचवा फार्मसिस्टला. त्यांना वेळ असतो आणि कित्येकदा जास्त बारीक माहिती असते. विपरीत परिणाम झाला असं वाटलं तर पेशंटलाही सरकारकडे कळवता येतं, १८००-१८०-३०२४ हा औषध सुरक्षेचा नि:शुल्क क्रमांक आहे.

सुरुवातीला डॉक्टर माझ्या कागदाकडे जरा तिरकेच बघायचे. ट्रास्टुझुमॅब संपलं ऑक्टोबर २०२४ मध्ये. आता रोजची लेट्रोझोल चालू आहे, अडीच मिलिग्रॅम, पत्रकातल्या पहिल्याच रकान्यात सांधेदुखी. गेल्या खेपेला मी खुर्चीत बसायच्या आत डॉक्टरांनीच हात पुढे केला, "द्या कागद." पहिले दोन प्रश्न माझे होते, हाडांच्या तपासणीचे. तिसरा हिने बाहेर बाकावर बसून स्वतः लिहिला होता: "काखेतल्या गाठी काढलेल्या हाताने पापड लाटले तर चालतील का?" डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "थोडे थोडे लाटा, हात सुजला तर थांबा. आणि पहिली लाटी कधी?"

"चैत्रात," ही म्हणाली, आणि कागद परत घेऊन पिशवीत टाकला.